आप्पांनी दगड वाजवला

"ओ बाई, ह्यो दगड जरा वाजवून बघू का?"

आप्पांनी बिर्गिटला सरळ मराठीत विचारलं आणि तिने उत्तर द्यायच्या आत खिशातून हातोडी काढली.

मोहोळहून आलेली त्यांची बॅग मी स्वतःच्या हातांनी रिकामी केली होती. शेंगाचटणी निघाली, कडक भाकरी निघाल्या, माझ्यासाठी आणलेलं आणि माझ्या अंगात न बसणारं खणाचं झंपर निघालं. हातोडी काही दिसली नव्हती. कुठे दडवली होती देव जाणे! आणि बाहेर काढली कुठे, तर डेन्मार्क सरकारने कायद्याने जपलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यावर.

"नाही, नाही, नाही!" बिर्गिट दोन्ही हात पसरून दगडापुढे उभी राहिली. ती या कामावरची मुख्य पुरातत्त्वज्ञ. पंचावन्नची, काटकुळी, दिवसभर गुडघ्यांवर बसून माती खरवडणारी. तिला मराठी येत नव्हती, पण हातोडी कळायला भाषा लागत नाही.

"आप्पा, ठेवा ती आत."

"आगं, फोडत न्हाई. इचारतोय त्याला, बरा हायेस का म्हणून."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, डेन्मार्कमध्ये एका छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात नोकरीला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आप्पा एकटे पडले म्हणून उन्हाळ्यात तीन महिने त्यांना माझ्याकडे आणलं होतं. माझं काम चालू होतं ते एका बेटावर. जवाच्या शेताच्या मधोमध एक हिरवीगार टेकडी आहे आणि त्या टेकडीच्या पोटात दगडांची एक लांबट खोली. लोखंड माहीत नसलेल्या काळात माणसांनी आपली मेलेली माणसं ठेवायला बांधलेली. आत जायला अरुंद बोळ. सहा मीटर रांगत जायचं. तिथले लोक तिला राक्षसांची खोली म्हणतात, कारण एवढाले दगड माणसांनी हलवले असतील यावर त्यांच्या पणजोबांचा विश्वास बसेना.

त्या खोलीच्या छताचा मधला दगड खचला होता. त्याच्याखालचा एक उभा दगड कलला होता म्हणून. टेकडीवरची माती काढून छत उघडं केलं होतं आणि वर ताडपत्रीचा मांडव घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन येणार, पट्टे लावून दगड उचलणार, कललेला दगड सरळ करणार आणि वरचा परत जागेवर ठेवणार. दगड अकरा टनांचा. पट्टे कुठे लावायचे, किती उचलायचं, वजन कसं पेलायचं, ते सगळं गणित माझं. कागदावर सही माझी. ऑफिसात एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि मी हवेत होते. म्हणूनच तर आप्पांना दाखवायला आणलं होतं.

हातोडी निघायच्या आधी अर्धा तास मी त्यांना आत घेऊन गेले होते. धोतर खोचून आप्पा माझ्यापुढे रांगत गेले, आणि खोलीत पोचल्यावर पाठ सरळ करून बॅटरीच्या उजेडात नुसते बघत राहिले. उभे दगड पुरुषभर उंचीचे. दोन दगडांच्या मधली फट चपट्या चिपा एकावर एक रचून भरलेली, चुना नाही, माती नाही. चिपांच्या मध्ये भूर्जाच्या सालीच्या पट्ट्या, पाणी झिरपू नये म्हणून घातलेल्या. बिर्गिटने ती साल दाखवली तेव्हा आप्पांनी हात मागे घेतला, देवळात घेतात तसा. मग चिपांच्या भिंतीवर तळवा ठेवला.

"कुनाचं काम म्हनायचं ह्ये?"

"पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं."

"आरं तिच्या! आन् नाव काय त्यांचं?"

"नाव नाही माहीत, आप्पा. तेव्हा लिहिणंच नव्हतं."

"मग आमच्यासारखंच झालं की." ते भिंतीकडे बघतच बोलत होते. "सीनेचा पूल आम्ही बांधला. धा म्हैनं तितं पालं टाकून ऱ्हायलो. तुझा जलम तितला. पाटीवर नाव मंत्र्याचं." मग एक चीप बोटाने चाचपून म्हणाले, "हात बग ह्याचा. एक चीप हालत न्हाई. लई बेस मानूस हुता ह्यो."

बोळातून बाहेर आल्यावर ते टेकडीवर चढले, मांडवाखाली शिरले, आणि मग ती हातोडी.

बिर्गिटने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते फक्त हलकेच ठोकून बघणार आहेत. तिला काय वाटलं कोण जाणे, आतमध्ये त्यांनी मागे घेतलेला हात तिने पाहिला होता बहुतेक. तिने बोटं जवळ आणून दाखवलं, अगदी हळू. आप्पांनी मान हलवली आणि चपला काढल्या.

डावा पंजा दगडावर पालथा ठेवायचा, उजव्या हाताने टोला घालायचा, पंजा वीतभर सरकवायचा. टण. टण. टण. कडेने सुरुवात केली आणि आत आत येत गेले. आवाज कसा, तर खणखणीत. दगडाच्या मध्याच्या थोडं अलीकडे हातोडी पडली आणि आवाज बसला. बद्द. तडा गेलेल्या माठावर टिचकी मारली की येतो तसा. आप्पा थांबले. पुन्हा मारली. बद्द. वीतभर पुढे गेले, पुन्हा टण.

मीही तो आवाज ऐकला. खाणीत वाढलेली पोर मी, मला दगडाचा आवाज कळतो. आप्पांनी तोंड उघडायच्या आधी मला कळलं होतं.

"फुटका हाय ह्यो," आप्पा म्हणाले. "आतनं. वरनं दिसनार न्हाई. सांग त्या बाईला, उचलू नगा म्हनावं. मदनं दोन तुकडं हुत्याल."

"काय म्हणतायत?" बिर्गिटने विचारलं.

मी म्हटलं, "म्हणतायत, दगड फार सुंदर आहे."

आता हे सांगायलाही जीभ अडखळते, पण सांगते. ऑफिसात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझे वडील शेतकरी आहेत. तिकडे शेतकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर आणि लाल छपराचं घर येतं. व्हिसाच्या अर्जातसुद्धा धंद्याच्या रकान्यात मी 'शेती' असंच भरून पाठवलं होतं. आमची शेती नाही, कधीच नव्हती. आम्ही वडार. आप्पांनी जन्मभर दगड फोडला, घडवला, वाहिला. आई सोलापुरात गल्लोगल्ली 'पाट्याला टाकी लावाऽऽय' म्हणून ओरडत फिरायची, झिजलेल्या पाट्या-वरवंट्यांना टाकीने, म्हणजे छोट्या छिन्नीने, ठोके घालून द्यायची. आप्पांना वाचता येत नाही. सहीपुरती अक्षरं येतात. अर्जावर त्यांनी मी दाखवलं तिथे सही केली आणि मला वाटलं, मिटलं.

आणि आता बिर्गिटला काय सांगू? की तुमच्या यंत्रांनी दगड तपासला, चार जणांनी माझा कागद तपासला, पण माझ्या शेतकरी बापाने हातोडी मारून तो खोटा ठरवलाय? मला जमलं नाही.

गाडीत बसल्यावर आप्पांनी विचारलं, "सांगितलंस न्हवं तिला?"

"सांगितलं."

"मग काय म्हनली?"

"उद्या बघू म्हणाली."

"पानी मारून बगा म्हनावं. दगड वला करायचा आन् वाळू द्यायचा. फुटका आसला तर पानी चिरंत ऱ्हातं, बाकीचं वाळतं. लगीच कळतंय."

"तिथे पाणी चालत नाही आप्पा. आत ती जुनी साल आहे ना."

"बरं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तू इंजनेर. तुला सांगितलं म्हंजी झालं."

त्यांचा माझ्यावर एवढा भरवसा होता. मी गाडी चालवत राहिले.

सकाळी क्रेन आली. क्रेनवाला आस्गर हा साठीचा, लाल मानेचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पट्टे लावले, मी दाखवल्या जागी, तंतोतंत. ऑफिसातले दोघे जण आले, गावचे दहा-बारा लोक कुंपणापलीकडे कॉफीचे थर्मास घेऊन उभे राहिले. मी आप्पांना एका खुर्चीवर बसवलं आणि हेल्मेट घातलं. ऊन लख्ख होतं. मी स्वतःला सांगत होते की म्हाताऱ्याच्या कानाचं काय खरं धरायचं. माझ्या कानाचं काय, ते मात्र मी स्वतःला विचारत नव्हते.

मग बिर्गिटने डोक्याला बॅटरी बांधली आणि बोळाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली. दगड उचलला जाताना चिपांच्या भिंती ढासळत नाहीत ना, ते बघायला ती आत थांबणार होती. त्याच दगडाखाली नाही, शेजारच्या दगडाखाली. पण मध्ये अंतर किती? दोन हात.

"ती कुठं निघाली?" आप्पा खुर्चीवरून उठले.

"आत. लक्ष ठेवायला."

"आत? त्या दगडाखाली?" आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. माझं तोंड बघून त्यांना जे कळायचं ते कळलं.

ते मला एक शब्द बोलले नाहीत. चपला काढल्या, हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं, टेकडी चढले आणि त्या दगडावर जाऊन दोन पट्ट्यांच्या मधोमध मांडी घालून बसले.

एकच गोंधळ उडाला. आस्गर क्रेनमधून ओरडायला लागला, ऑफिसातले दोघे धावले, कुंपणापलीकडचे लोक हसायला लागले. आप्पा ढिम्म. पुण्याईने मिळालेल्या पाटावर बसावं तसे बसून होते.

"त्या बाईला भाईर काढा," ते मोठ्याने म्हणाले. "मग मला उचला न्हाईतर दगूड उचला."

आस्गर खाली उतरला होता. "काय म्हणतोय हा माणूस?" त्याने मला विचारलं. बिर्गिटही बोळातून मागे सरकत बाहेर आली होती, केसांत माती, आणि तिनेही तेच विचारलं. "काय म्हणतायत ते, रेणुका?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आप्पा सोडून. आप्पा समोर जवाच्या शेताकडे बघत होते.

"ते म्हणतात, दगड आतून फुटलेला आहे," मी म्हटलं. "उचलला की मधून दोन तुकडे होतील. कालच म्हणाले होते. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"त्यांना कसं कळलं?" बिर्गिट.

"वाजवून."

"तुझे वडील शेतकरी ना?" आस्गर म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं.

"नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज चढला, आणि चढला तो बरंच झालं, कारण कुंपणापर्यंत ऐकू गेला. "माझे वडील दगड फोडतात. आम्ही वडार आहोत. माझा आजा दगड फोडायचा, पणजा फोडायचा, माझी आई दगडाला टाकी लावायची. धरणं, रस्ते, पूल, विहिरी, आमच्याकडे जे जे दगडाचं आहे त्याला आमचा हात लागलाय. पंचावन्न वर्षं तो माणूस दगडाशी बोलतोय. आणि तो आवाज मीही ऐकला. तो आवाज फुटक्या दगडाचाच आहे."

ऑफिसातला एक जण घड्याळाकडे बघत होता.

"खात्री करायचा काही उपाय?" बिर्गिटने विचारलं.

"पाणी. पण तुम्हाला चालणार नाही."

तिने थोडा विचार केला. "ओतायचं नाही. ओल्या फडक्याने पुसून चालेल?"

मी आप्पांना विचारलं. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्याकडे टाकला. "घट पीळ," एवढंच म्हणाले.

ते दगडावरून उतरले आणि मी दगड पुसला. पंचा भिजवायचा, पिळायचा, पुसायचा. लहानपणी घरातली जमीन सारवायचे तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे मागे सरकत मी तो अख्खा दगड पुसून काढला. ओला झाल्यावर दगड गडद लाल दिसायला लागला. चीर-बीर काही नाही. मांडवाची ताडपत्री क्रेनसाठी सकाळीच काढली होती, त्यामुळे ऊन-वारा थेट दगडावर येत होता.

मग वाट बघणं. दहा मिनिटं असतील, मला दहा तास वाटली. कडा वाळल्या, करड्या झाल्या. मग मधले डाग करडे झाले. अजून काही नाही. माझ्या मनात आलं, नसली चीर तर? एवढ्या लोकांत आप्पांचं हसू होईल. नोकरी गेली तर गेली, पण त्यांच्याकडे बघून कुणी हसलेलं मला सोसणार नव्हतं. मला स्वतःचंच नवल वाटलं. काल मला नेमकं उलटं वाटत होतं.

"तिथे," बिर्गिट म्हणाली.

सगळा दगड वाळला आणि एक रेघ ओली राहिली. केसाएवढी बारीक. एका कडेपासून तिरकी निघाली होती, मधून गेली होती आणि दुसऱ्या कडेला जाऊन भिडली होती. माझ्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधून. मी ठरवलेल्या जागी पट्टे लावून उचलला असता, तर तो दगड काडकन मोडला असता. अकरा टन. खाली ती खोली, ती साल, त्या चिपा. आणि दोन हातांवर बिर्गिट.

बिर्गिट बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग आप्पांसमोर गेली आणि आप्पांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आप्पा अवघडले.

"बस कर म्हन तिला," ते मला म्हणाले. "आन् काम सांग म्हनावं. आता ह्यो उचलायचा कसा, ते बगू."

माझ्याशी बोलले! मला एवढा आनंद झाला की बस्स.

पुढचे तीन दिवस मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. आप्पा सांगायचे आणि मी त्याचं गणित मांडायचे. हाड मोडलं की बांबूच्या कांबी बांधतात, तसे दगडाच्या दोन्ही बाजूंना लांब लोखंडी तुळया लावायच्या आणि पट्ट्यांनी आवळायच्या. उचलायचा तो वीतभर, त्याच्यावर एक बोटसुद्धा नाही. आणि दगड जेवढा वर जाईल, तेवढा खालून लाकडी ठोकळा लगेच सरकवायचा. "दगडाला खाली हवा दिसता कामा न्हाई," आप्पा म्हणायचे. "हवा दिसली की त्यो भितोय." हे वाक्य मी डॅनिशमध्ये शब्दाला शब्द लावून सांगितलं. आस्गरने ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी दगड उचलला. आप्पा क्रेनच्या पुढे उभे राहून हाताने खुणा करत होते आणि तोंडाने "आस्ते... आस्ते... हां, थांब" म्हणत होते. आस्गर त्या "आस्ते"वर क्रेन चालवत होता, मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही. कललेला दगड सरळ केला, पायाशी चिपा ठोकल्या. त्या आप्पांनी स्वतः ठोकल्या, बोळातून रांगत आत जाऊन, बिर्गिट बॅटरी धरून शेजारी. वरचा दगड परत बसला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. कुंपणापलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी वळून बघितलं, टाळ्या कुणासाठी वाजतायत ते. त्यांच्यासाठीच वाजतायत हे कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी फेट्याला हात लावला. फेटा नव्हता, हेल्मेट होतं.

आप्पा आता ब्याऐंशीचे आहेत. मोहोळात चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगतात तेव्हा दगड बावीस टनांचा असतो आणि टाळ्या वाजवायला डेन्मार्कचा राजा आलेला असतो. मी दुरुस्त करत नाही.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

बिर्गिटची एक रीत होती, तिच्या गुरूने तिला घालून दिलेली. असलं जुनं बांधकाम उघडलं की बंद करायच्या आधी आत त्या वर्षाचं एक नवं कोरं नाणं ठेवायचं. पुढे कधी कुणी उघडलं, तर त्यांना कळावं की आधी कोण, कधी येऊन गेलं. तिने ते नाणं आप्पांच्या हातात दिलं आणि चिपांच्या मागची एक फट दाखवली.

आप्पांनी नाणं ठेवलं. मग कमरेच्या कडोसरीतून एक लोखंडी वस्तू काढली आणि नाण्याशेजारी ठेवली. बोटभर उरलेली, डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं. आईची टाकी.

"आप्पा! ती कशाला? आईची तेवढीच वस्तू राहिलीय."

"म्हनून तर. घरात ठिवली तर गंजंल, न्हाईतर भंगारात जाईल. हितं ऱ्हाऊ दे. पाच हजार वर्षं ऱ्हातं हितलं, तूच म्हनलीस." जरा थांबून म्हणाले, "तिला फिरायची लई हौस. सोलापूरच्या फुडं कधी गेली न्हाई."

मी बिर्गिटला सांगितलं, अडखळत अडखळत. तिने नाही म्हटलं नाही. आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची तिच्या वहीत नोंद व्हायची: वस्तू कोणती, कुणाची, कुठली, त्या माणसाचा धंदा काय. तिने वही माझ्यापुढे केली. "नावं तूच लिही. मला नीट लिहिता यायची नाहीत."

आम्ही तिघं बोळाच्या तोंडाशी गवतावर बसलो होतो. वही गुडघ्यावर घेऊन मी लिहिलं. आप्पा शेजारून वाकून बघत होते.

"काय लिवलंस?"

"तुमचं नाव. यल्लप्पा विटकर. आईचं नाव, हणमव्वा विटकर. मोहोळ, जिल्हा सोलापूर."

"नाव लिवलं व्हय दोघांचं?" त्यांचा चेहरा उजळला. मग डोळे बारीक करून म्हणाले, "आन् धंद्याच्या जागी? तीन एकर जवारी?"

माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं.

"त्या मुंबईच्या व्हिसाच्या हापिसातल्या बाईनं इचारलं मला. काका, शेती किती? म्या म्हनलं तीन एकर. काय पिकतं? म्हनलं जवारी. फुडं म्हनलं, औंदा पाऊस कमी पडला बाई, हाताला काय लागलं न्हाई." ते हसत होते. "मग काय करनार? तू लिवलं हुतंस. पोरीला खोटं पाडू व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून ते विमानात बसले, माझ्या घरी आले, माझ्या कामावर आले, आणि माझ्या सहीच्या दगडावर जाऊन मांडी घालून बसले. असला बाप मी लपवला होता! मी खाली मान घालून रडले, आणि रडता रडता छाती भरून आली, दोन्ही एकदम. बिर्गिट दुसरीकडे बघत राहिली.

"न्हाई आप्पा," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी मी त्यांच्याशी आमच्या घरच्या बोलीत बोलत होते. "जवारी न्हाई. वडार लिवनार हाय."

आणि मी त्या रकान्यात डॅनिश लोकांच्या लिपीत 'वडार' असं लिहिलं.

"कुठं? दाव."

मी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. चिरा पडलेलं, नखाशी काळं झालेलं ते बोट त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश फिरवलं.

"जरा ठळक लिवायचं हुतंस की," ते म्हणाले.

मी पेन घेतलं आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा एकदा, दाबून, फिरवलं.